नोएमीची जागा

मी बोलतोय तो खिडकीकडच्या रांगेतला तिसरा बाक. पाइनच्या लाकडाचा, दोघांना पुरेल एवढा लांब आणि सुताराच्या घाईमुळे डावीकडे जरासा कललेला. होंडुरासच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांमध्ये आमचं हायस्कूल आहे. चोवीस वर्षं मी त्याच वर्गात आहे. पोरं अंगावर बसतात आणि त्यांच्या वजनावरूनच मला सगळं कळतं. कोण उपाशी आलंय, कुणाचा अभ्यास झालेला नाही, कोण शेजारणीकडे सरकायला बघतंय, हे बाईंच्या आधी मला समजतं.

बाई म्हणजे देल्मिराबाई. इतिहास शिकवतात. त्या लहान असताना त्यांच्या थोरल्या भावाला लष्कराच्या शिपायांनी वर्गातून उचलून नेलं, आणि आठवड्याभरात शाळेनं पटावरचं त्याचं नाव लाल शाईनं खोडून टाकलं. भाऊ परत आला नाही. बाई शिक्षिका झाल्या त्या एकच गोष्ट मनाशी धरून. आपल्या पटावरचं नाव कधी खोडायचं नाही.

या हट्टानं सगळी शाळा बदलली. पोर दोन दिवस दिसलं नाही की वर्गातली दोघं वही घेऊन त्याच्या दारात उभी. कॉफी तोडायला गेलेल्यांना मळ्यावर जाऊन धडा सांगायचा. मुख्याध्यापक आधी कुरकुरले, "बाई, ही शाळा आहे, पोलीस चौकी नाही." पुढच्या वर्षी त्यांनीच तो नियम सगळ्या वर्गांना लावला. मला बाईंचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

आमच्याकडे लाडकं माणूस गेलं की अंत्ययात्रेत त्याचं नाव पुकारतात आणि सगळे मिळून 'हजर' म्हणतात. ओब्दुलिओ नावाचा मुलगा दरडीखाली गेला, तेव्हा बाईंनी तेच वर्गात सुरू केलं. तो माझ्या उजव्या बाजूला बसायचा. पहिल्या सकाळी बाईंनी नाव पुकारलं, चाळीस पोरं 'हजर' म्हणाली, आणि माझ्या उजव्या बाजूवर कुणीतरी बसलं. वजन त्याचंच. गुडघा हलवायची खोडही तीच. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण वजन रोज येत गेलं आणि मला सवय झाली. त्याची तुकडी पास होऊन बाहेर पडली, त्या दिवशी तोही उठून गेला.

काही वर्षांनी त्याच जागेवर नोएमी आली. पंधरा वर्षांची, बडबडी. तास चालू असताना राजमा भरलेली पोळी लपवून खायची आणि तेलकट बोटं मला पुसायची. मार्चमध्ये ती मामाबरोबर उत्तरेला निघाली. तिकडे अमेरिकेत पोचली की आईला बोलावून घेणार होती. सीमेवरच्या नदीजवळून एकदा फोन आला. मग तिचा नाही आणि मामाचाही नाही.

बाईंनी पटावरचं नाव तसंच ठेवलं. रोज सकाळी पुकारायच्या, "नोएमी पादिया." सगळा वर्ग म्हणायचा, "हजर."

माझ्या उजव्या बाजूला कुणीही बसलं नाही. पहिल्या दिवशी नाही, चाळिसाव्या दिवशीही नाही. पोरगी जिवंत होती. हे सगळ्या गावात फक्त मला ठाऊक होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

एके दिवशी हजेरी चालू असताना तिची आई दारात येऊन उभी राहिली. तोमासा तिचं नाव. हात मक्याच्या पिठानं भरलेले.

"बाई, माझ्या पोरीला हजर म्हणायला लावू नका."

"तिची जागा राहावी म्हणून म्हणतो आम्ही, तोमासा."

"असं मेलेल्यांना म्हणतात. काल शेजारीण मेणबत्ती घेऊन आली माझ्याकडे. मी तिला हाकलली." तिचा आवाज चढला नाही. "जिवंत पोर शाळेत आलं नाही तर काय लिहिता तुम्ही?"

बाईंनी पटाकडे पाहिलं. "गैरहजर."

"मग तेच म्हणा. गैरहजर पोर परत येतं."

बाई खुर्चीत बसल्या. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी नाव पुन्हा पुकारलं, वर्गाला हातानं गप्प केलं आणि स्वतःच म्हणाल्या, "गैरहजर." तोमासा मान हलवून गेली. त्या दिवसापासून तसंच चाललं.

सप्टेंबर आला. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी मैदानावर ढोल वाजत होते. बाईंनी पुकारलं, "नोएमी पादिया." मग स्वतःच म्हणाल्या, "गैरहजर."

आणि माझ्या उजव्या बाजूवर कुणीतरी बसलं.

वजन ओळखीचं होतं. फक्त ओलं होतं, नदीतून नुकतं वर आल्यासारखं. माझं लाकूड गारठलं. डावीकडच्या यादिरानं स्कर्ट झटकन ओढून घेतला.

"पाणी कुणी सांडलं ग?" तिनं मागे वळून विचारलं.

"आम्ही कशाला सांडू? तूच सांडलं असशील, वेंधळे."

यादिरानं हातानं फळी चाचपून पाहिली. मग ती पार कडेला सरकून बसली, आणि रोज तशीच बसते.

शुक्रवारी पोरांच्या आया पाळीपाळीनं येऊन वर्ग झाडतात. त्या शुक्रवारी तोमासाची पाळी होती. झाडून झाल्यावर दमून ती माझ्यावर बसली, नेमकी उजव्या बाजूला. ते ओलं वजन उठलं नाही. हळूच डावीकडे सरकलं आणि आईला जागा करून दिली.

"आजही गैरहजरच ना, बाई?" तोमासानं विचारलं.

"गैरहजर," बाई म्हणाल्या.

"मग येईल."

अजूनही पाळी आली की तोमासा आपल्या आणि पोरीच्या मधोमध, नकळत, हात टेकून बसते, एप्रनच्या टोकानं मला पुसते, आणि लाकूड ओलं का राहतं म्हणून पावसाला शिव्या देते. दोघींचं वजन मी पेलतो. माझे पाय आता खिळखिळे झालेत, नवे बाक आणायचं चाललंय. मला हलवलं तर ही पोर कुठे बसेल, या काळजीनं मी आतून पोखरून निघतो.

तुम्ही कधी त्या वर्गात गेलात, तर माझ्या उजव्या बाजूला बसू नका. आणि मी सांगितलेलं त्या आईला सांगू नका. ती विचारील. तुम्ही गैरहजर म्हणा.