यंदा वाडगे इथेच लागेल

मित्रांनो, मी एक जुने, मोठे स्टीलचे वाडगे आहे. माझे नाव विचारलेत तर मात्र पंचाईत होते, कारण मला दोन नावे आहेत. घरी पाहुणे आले की मी 'पॉपकॉर्नचे वाडगे' असते. पाहुणे गेले आणि घरात कोणाचे पोट बिघडले की मी 'ओकायचे वाडगे' होते. नाक मुरडू नका. मिनेसोटातल्या आमच्या स्टोर्डाल गावात प्रत्येक घरी माझ्यासारखे एक भांडे असते आणि त्याची दोन्ही नावे सगळ्यांना ठाऊक असतात. फक्त चारचौघांत दुसरे नाव कोणी घेत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून दाब आला आणि मी खोलगट झाले. क्षणभर फार दुखले, पण मग ज्याने त्याने माझ्यात तोंड पाहून घेतले. पुढे मी स्टोर्डालच्या दुकानात आले. तिथे आर्डिस हॉस्टाड नावाच्या एका तरुण बाईने मला उचलले, बोटाच्या पेराने टकटक वाजवले आणि म्हणाली, "हे टिकेल." तिला तेव्हा सहावा महिना होता. मला इतका आनंद झाला, की दुकानातली इतर भांडी मागे राहिली याचे वाईट वाटायचेही राहून गेले.

आर्डिसने मला कधी रिकामे बसू दिले नाही. उन्हाळ्यात माझ्यात रानातल्या निळ्या बोरांची रास पडे. तिची तिन्ही मुले माझ्यात बसून आंघोळ करत मोठी झाली. आणि दर वर्षी तेवीस डिसेंबरला माझा मानाचा दिवस येई. त्या दिवशी आर्डिस ढीगभर बटाटे उकडून, किसून माझ्यात मळे आणि त्याच्या नाताळच्या पातळ पोळ्या करी. त्यांना आमच्याकडे लेफ्सा म्हणतात. लोणी आणि साखर लावून गुंडाळलेला लेफ्सा खाताना मी भल्याभल्यांना गप्प झालेले पाहिले आहे.

आणि हो, हिवाळ्यात उलट्यांची साथ आली की माझे दुसरे काम सुरू होई. ते काम मी कधी नाकारले नाही. प्रत्येक वेळी आर्डिस मला उकळत्या पाण्याने आणि जंतुनाशकाने घासून घासून धुई आणि मागच्या ओट्यावर गोठणाऱ्या थंडीत उपडे ठेवी. माझ्या काठावर एक मोठा पोचा आहे. तो कसा पडला असे कोणी विचारले, की आर्डिस म्हणे, "हातातून निसटलं." मी ऐकून घेत असे.

तिचा धाकटा मुलगा नेल्स मोठा झाला आणि एके दिवशी ब्रिटा नावाच्या मुलीला घरी घेऊन आला. सगळे माझ्यातले पॉपकॉर्न खात बसले होते. तेवढ्यात नेल्सचा थोरला भाऊ म्हणाला, "ह्या वाडग्यात मी जेवढा ओकलोय ना, तेवढं कुणी ओकलं नसेल." आर्डिसने त्याच्याकडे असे डोळे वटारले की विचारू नका. ब्रिटाचा हात तोंडाशी थांबला. मग तिने ते पॉपकॉर्न तोंडात टाकले आणि आणखी एक मूठ घेतली. "आमच्याकडचं हिरव्या रंगाचं आहे," ती म्हणाली. त्याच क्षणी ती आर्डिसच्या मनात भरली.

पुढे ब्रिटाला टिल्डा झाली, तेव्हा आर्डिसने मला त्यांच्या घरी पोहोचवले. अट एकच होती: तेवीस डिसेंबरला लेफ्सा मळायला मला परत आणायचे.

आता आमच्या गावची एक रीत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. स्टोर्डालमध्ये कोणी काही देऊ केले, तर पहिल्यांदा नको म्हणायचे. दुसऱ्यांदाही नको म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले, की "बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर" असे म्हणून घ्यायचे. पहिल्याच फटक्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. आणि तिसऱ्यांदा न विचारणाऱ्याने मनापासून विचारलेच नव्हते, असे सगळे धरून चालतात. केकच्या तुकड्यासाठी ही रीत ठीक आहे. माणूस बुडत असताना ती कशी चालते, ते मी गेल्या नाताळात पाहिले.

एकोणीस तारखेला पाच वर्षांची टिल्डा शाळेतून आली ती पोट धरूनच. चर्चमधल्या नाताळच्या नाटकात ती मेंढी होणार होती. डोक्याला बांधलेले मेंढीचे कान काढायला ती तयार नव्हती. कानांसकट ती माझ्यात ओकली आणि डोळे पुसून म्हणाली, "आई, मेंढ्यापण ओकतात का गं?"

"ओकतात," ब्रिटा म्हणाली. "पण त्यांच्या आयांना चादरी धुवाव्या लागत नाहीत."

तेव्हा तिला अजून विनोद सुचत होता. दुसऱ्या दिवसापर्यंत तोही संपला. धुण्याचे यंत्र एकसारखे फिरत होते. नाताळचे झाड अर्धे सजून उभे होते, कारण दिव्यांची माळ लावता लावता तिला पळावे लागले होते आणि ती माळ नंतर कोणी उचललीच नाही. मुलांसाठी आणलेल्या भेटी गाडीच्या डिकीत तशाच पडून होत्या. टिल्डाला ताप किती वाजता होता आणि औषध किती वाजता दिले, हे ब्रिटाने खिडकीच्या काचेवर खडूने लिहून ठेवले होते. नेल्स रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो आणि त्याच आठवड्यात वादळ आले. तो घरी येई, बूट न काढता भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी काढी आणि पुन्हा जाई. त्याला दोष तरी कसा द्यावा? साऱ्या गावाचा रस्ता त्याच्या हातात होता.

ब्रिटाला फक्त एक माणूस हवा होता. दोन तास टिल्डाजवळ बसेल, म्हणजे आपण पाठ टेकू, एवढेच. आणि तसा माणूस दहा मिनिटांवर राहत होता.

वीस तारखेला दुपारी आर्डिसचा फोन आला. ब्रिटाचे हात भरलेले होते, म्हणून तिने फोन धुण्याच्या यंत्रावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. मी शेजारीच होते.

"कशी आहेत पोरं?" आर्डिसने विचारले.

"तशी बरी आहेत. टिल्डाचं पोट जरा बिघडलंय, इतकंच."

इतकंच! त्या दिवसातली माझी ती सातवी फेरी होती.

"मी येऊ का? मी नुसती बसलेय इथे."

"छे हो आर्डिस, कशाला उगाच? तुम्हालाच लागण व्हायची."

"मग सूप तरी आणून देते. दारात ठेवीन आणि जाईन."

"नको हो. या बर्फात गाडी कुठे काढता?"

दोन नकार झाले. आता फक्त तिसरे विचारणे बाकी होते. ब्रिटा फोनकडे टक लावून पाहत होती आणि तिच्या ओठांवर उत्तर तयार होते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. पलीकडे आर्डिसने श्वास घेतला. नेमका तेव्हाच टिल्डाचा दोन वर्षांचा भाऊ ओटो, जो तोवर ठणठणीत होता, आईच्या बाहीवर भडाभडा ओकला. ब्रिटाने मला ओढले, तिचे कोपर फोनला लागले आणि फोन भिजवलेल्या टॉवेलांच्या बादलीत पडला.

तो वाळून पुन्हा सुरू व्हायला संध्याकाळ झाली. आर्डिसचा एकही निरोप नव्हता. ब्रिटा बराच वेळ हातात फोन धरून बसली. "दोनदाच विचारलं," ती पुटपुटली. दोनदा नको म्हटलेल्या माणसाने आपणहून फोन करून "या" म्हणावे, असे आमच्या गावात कोणी ऐकलेले नाही. तिकडे आर्डिस सूप तयार करून बसली होती. दोनदा नको म्हणून सुनेने फोनच ठेवून दिला, म्हणजे आपण नकोसे झालो, असे तिने धरले. मला हे नंतर तिच्याच तोंडून कळले. मित्रांनो, दोन भल्या बायका दहा मिनिटांच्या अंतरावर आपापल्या घरी रडवेल्या होऊन बसल्या होत्या, आणि दोघींनाही वाटत होते की आपण रीत पाळली.

एकवीस गेली, बावीस गेली. दोन्ही मुलांची माझ्यासाठी ओढाताण चाले. तेवीसच्या सकाळी ब्रिटा पलंगावरून उठली, न्हाणीघरापर्यंत आली आणि तिथेच फरशीवर बसली. आता तिलाही माझी गरज पडली होती. नेल्स कामावरून नुकताच आला होता. बर्फाचे बूट तसेच पायात, मांडीवर ओटो, पायाशी मेंढीचे कान घातलेली टिल्डा, आणि त्याचा फोन वाजला.

"नेल्स, बटाटे उकडून झालेत," आर्डिसचा आवाज अगदी कोरडा होता. "वाडगं घेऊन येतोस ना?"

नेल्सने माझ्याकडे पाहिले. मी ब्रिटाच्या मांडीवर होते.

"आई, यंदा वाडगं इथेच लागेल."

इतक्या वर्षांत मी तेवीस डिसेंबरला आर्डिसच्या ओट्यावर नाही, असे कधी झाले नव्हते.

"किती दिवस झाले?" तिने विचारले.

"पाचवा दिवस."

"ब्रिटा?"

"आता तीपण."

"बरं," आर्डिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"आई रागावली बहुतेक," नेल्स म्हणाला. ब्रिटाने नुसते डोळे मिटले.

अर्ध्या तासाने मागचे दार न वाजवताच उघडले. आर्डिस आत आली. एका हातात सुपाचे पातेले, दुसऱ्या हातात आईस्क्रीमची रिकामी मोठी बादली. तिने कोट खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या आणि ओटोला उचलून घेतले. "नेल्स, बूट काढ आणि झोप. उभ्या माणसाला झोप लागलेली बघवत नाही मला."

"आर्डिस, नको हो," ब्रिटा फरशीवरूनच म्हणाली. "तुम्हाला लागण होईल."

"मी विचारायला आलेच नाहीये. विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस."

मग ब्रिटा रडू लागली. टिल्डासारखी, अगदी तोंड वाकडे करून. "तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत!"

"तू फोन ठेवलास!"

"मी कुठे ठेवला? ओटो माझ्या बाहीवर ओकला, आणि फोन बादलीत पडला!"

आर्डिसने ओटोकडे पाहिले. मग ती खो खो हसत तिथेच, न्हाणीघराच्या फरशीवर सुनेशेजारी बसली. तिने मला ओढून घेतले आणि काठावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"हे हातातून निसटलं नव्हतं," ती म्हणाली. "नेल्स सहा महिन्यांचा होता. नाताळात तिघंही आजारी, नवरा कामावर अडकलेला. माझ्या सासूबाईंनी तीनदा विचारलं, बरं का. तीनदा! आणि मी तिसऱ्यांदाही नको म्हटलं. त्यांना वाटायला नको, की हिला पोरं सांभाळता येत नाहीत. त्या संध्याकाळी मी हे वाडगं भिंतीवर भिरकावलं आणि मग त्याच्याशेजारी बसून रडले. आज नेल्स म्हणाला, वाडगं इथेच लागेल, तेव्हा मला तीच फरशी दिसली."

इतकी वर्षे मी ही गोष्ट पोटात ठेवली होती. ती बोलून गेली आणि मला हलके वाटले.

त्या दिवशी ब्रिटा सलग सात तास झोपली. आर्डिसने लेफ्साचे पीठ आईस्क्रीमच्या बादलीत मळले. पोळ्या जाड झाल्या, काही करपल्या, आणि नाताळच्या दिवशी चौघांनी त्या थोड्या थोड्या कुरतडल्या. चर्चचे नाटक हुकले. म्हणून टिल्डाने अर्ध्या सजलेल्या झाडापुढे एकटीने ते करून दाखवले. त्यात मेंढीशिवाय कोणीच नव्हते. नेल्सने इतक्या टाळ्या वाजवल्या की ओटो घाबरून रडला.

सव्वीस तारखेला सकाळी ब्रिटाने आर्डिसला फोन लावला. पलीकडून आवाज आला तो फारच बारीक.

"तुम्हाला लागण झालीच ना शेवटी?" ब्रिटा म्हणाली. "मी येऊ का?"

आर्डिस म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई, साऱ्या जन्मात तिने पहिल्या विचारण्याला कधी हो म्हटले नव्हते. मी ब्रिटाच्या हातात होते, धुऊन पुसून लख्ख.

"ये," आर्डिस म्हणाली. "आणि वाडगं घेऊन ये."

ब्रिटाने मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवले आणि माझ्याभोवती पट्टाही लावला. मी त्या घरी लेफ्सासाठी कितीदा गेले असेन, पण इतक्या मानाने कधी गेले नव्हते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. मला वापरलेत की उकळत्या पाण्याने धुवा आणि उपडे वाळवा, म्हणजे मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि घरात लहान मुले आजारी असलेल्या कोणी तुम्हाला "नको, तसं बरं आहे" म्हटले, तर तिसऱ्यांदा विचारत बसू नका. सुपाचे पातेले घ्या आणि मागच्या दाराने आत जा.