सात युनिटांचा फ्रिज

"हलू नका. आहात तिथंच उभी राहा. मी येतेय."

लहानपणी घरातली वीज गेली की आईचा असा आवाज यायचा. कधी स्वयंपाकघरातून, कधी मागच्या दारातून. मग ती भिंत चाचपत यायची आणि येताना गायची, म्हणजे ती कुठवर आली ते आम्हा दोघा भावंडांना कळावं:

भिंत माझ्या हाताला, हात माझा भिंतीला,
आले आले, लेकरांनो, दम धरा घटकेला.

दोन्ही ओळी एका दमात. तेव्हा तिच्या दमाला तोटा नव्हता.

आता ती पाच शब्द बोलते आणि थांबते. दादाच्या घरी, मागच्या खोलीत, तिच्या पलंगाशी तीन वर्षांपासून एक मशीन आहे. हवेतला ऑक्सिजन गाळून ते नळीतून तिच्या नाकाशी पोचवतं. दिवसरात्र घरघरतं. नळी जिथवर पुरते तिथवर आईचं जग: पलंग, मोरी, खिडकी. खिडकीला दोन पावलं कमी पडतात.

पंधरा दिवसांपूर्वी वहिनी बाजारात गेलेली असताना आईनं माझं मनगट धरलं. "मला ने," म्हणाली. थांबली. "तुझ्या बसमध्ये. त्याला आधी सांगू नकोस." पुन्हा थांबली. "मोडता घालेल."

मी शिवणकाम करते. पडदे, गाद्यांची कव्हरं, सोफ्याच्या खोळी. भंगारात निघालेली एक शाळेची बस घेऊन तिचं घर करत होते. गावोगावच्या बाजारांत बस उभी करायची, तिथंच शिवायचं, तिथंच राहायचं. पलंग झाला होता, ओटा झाला होता. आता छतावर सोलर हवं होतं. आणि सोलर बसवणारा माझ्या ओळखीत एकच, माझा सख्खा दादा. दोन वर्षं आम्ही धड बोललो नव्हतो, तरी मी त्याला बोलावलं. परक्याचा आकडा चुकला तर आईचा श्वास चुकणार होता. दादा माणूस कसाही असो, त्याचा आकडा चुकत नाही.

तो सकाळी दहाला गॅरेजच्या आवारात आला. बसभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकाला बुटाची ठोकर दिली.

"हे चालतं तरी का?"

"चालतं."

"मेलेल्या म्हशीला रंग लावलायस नुसता." आत आला. पडदे बघितले, पलंग बघितला. "दोन पलंग कशाला? पाव्हणे येणार आहेत वाटतं बाईसाहेबांकडे?"

"एक सामानाला."

"सामानाला गादी लागते?"

त्यानं ओट्यावर वही उघडली, कानामागची पेन्सिल काढली. त्याची पद्धत ठरलेली. आधी पॅनल नाही, बॅटरी नाही. आधी यादी. काय चालणार, किती वॉटचं, दिवसाला किती तास. "लोक यादीत खोटं बोलतात," तो म्हणाला, "आणि मग फोन मला करतात. तू खोटं बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?"

"सवय आहे म्हणून."

मी माझी यादी पुढं केली. चार दिवे. एक पंखा. शिलाई मशीन, चार तास. पाण्याचा पंप. मोबाइल. आणि सगळ्यात खाली, मुद्दाम बारीक अक्षरात: फ्रिज, तीनशे वॉट, चोवीस तास.

तीनशे हा आकडा मी आईच्या मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवरून उतरवून घेतला होता. चोवीस तास मला पाठच होते. नाव तेवढं बदललं. फ्रिजही रात्रंदिवस चालू असतो, तोही घरघरतो. मला वाटलं होतं, जोडी छान जमली.

दादा हसला. तो हसला की समोरच्याला आपली पत कळते.

"तीनशे वॉटचा फ्रिज? हत्ती ठेवणार आहेस आत?"

"मोठा आहे."

"या बसमध्ये? छोटा घे. साठ वॉटचा." त्यानं माझा आकडा खोडला. "आणि फ्रिज चोवीस तास ओढत नाही. गार झाला की थांबतो, तापला की सुरू. तिसरा हिस्सा धरायचा. झालं अर्धं युनिट. बाकी सगळं मिळून एक. दीड युनिटाचं घर आहे तुझं. दोन पॅनल, एक बॅटरी. पोराटोरांचं काम."

त्याच्या पेन्सिलीच्या एका फटक्यात आईचं मशीन दिवसातले सोळा तास बंद झालं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तीनशेच धर. आणि सारखा चालतो असं धर."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"अगं, सात युनिट होतात! माझ्या अख्ख्या घराला..." तो थांबला. पेन्सिल वहीवर टेकवली, उचलली. "उन्हाळा असो, काही असो, फ्रिज सारखा चालत नाही. वीस वर्षं हेच करतोय मी. तू मला शिकवणार? तुला फ्यूज कळतो का?"

"आकडा लिहायला काय जातं तुझं?"

"माझं नाव जातं! उद्या कोणी वर चढून बघेल आणि विचारेल, कुठल्या गाढवानं सात पॅनल टाकली चार दिव्यांसाठी?"

"विचारू दे."

"तुझं नेहमीचंच आहे हे. बापाचं ऐकलं नाहीस, नवऱ्याचं ऐकलं नाहीस, आता हिशोबाचंही ऐकू नकोस."

"नवऱ्याला मध्ये आणू नकोस."

"तो स्वतःच मध्ये राहिला नाही, मी कुठून आणू?"

मी ओट्यावरची कात्री उचलून खणात टाकली, कारण ती हातात राहायला नको होती. तो वही मिटून निघाला. दाराच्या पायरीवर एक पाय खाली, एक वर, असा अडला. पाठ माझ्याकडे.

"तीनशे वॉट," तो स्वतःशी म्हणाला. "चोवीस तास." मग वळला. त्याची नजर दुसऱ्या पलंगावर गेली, पलंगाला लागून असलेल्या खिडकीवर गेली. "असं यंत्र मला एकच माहीत आहे. त्याचं बिल मी भरतो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आई येतेय माझ्याकडे," मी म्हणाले. "तिनंच सांगितलंय."

"तिनं सांगितलं? की तू तिच्या तोंडात घातलंस?"

"जाऊन विचार."

"या डब्यात? ढग आले तर? बिघडलं तर? रस्त्याच्या मधोमध माझी आई तडफडताना तू काय करशील, टाका घालशील?"

"तुझ्या पक्क्या घरात काय झालं गेल्या महिन्यात?"

गेल्या महिन्यात भर दुपारी त्याच्याकडे वीज गेली होती. मशीन बंद पडलं. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर बाहेरच्या खोलीत होता, आईला तिथवर जाता आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई काहीतरी मागायला आल्या म्हणून बरं. त्यांनी सिलिंडर लावला तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते. दादा कामावर गेला होता, असं मला फोनवर वहिनीनं सांगितलं होतं.

"गावभर लोकांच्या घरी बॅटऱ्या लावत फिरतोस," मी म्हणाले. मला थांबता आलं नाही. "दुकानं, दवाखाने, कोणाकोणाची मत्स्यालयं. आईच्या मशीनला एक बॅटरी लावायला तुला तीन वर्षांत सवड झाली नाही. लोकांचे मासे जगवलेस."

मला वाटलं तो हात उचलेल. त्यानं वही उघडली. "नाहीच होणार हे," म्हणाला. "दाखवतोच तुला. कागदावर दाखवतो."

टेप काढून तो शिडीनं छतावर गेला. मी खालून त्याची पावलं ऐकत राहिले, डोक्यावरून पुढं, डोक्यावरून मागं. उतरला तो घामानं निथळत, आणि रागानं आकडे मांडू लागला, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत, जसा माझ्या तोंडावर फेकत.

"मशीन सात युनिट. बाकी एक. आठच्या वर लागणार रोज. एक पॅनल चांगल्या उन्हात देईल सव्वा, फार तर दीड. छतावर मावतात चार. बघ. संपलं."

"चारच का?"

"हवेच्या दोन झडपा आहेत, मागं सामानाची जाळी आहे."

"झडपा बुजवते. जाळी कापून टाकते."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याच्या हातातला घास काढला. पेन्सिल पुन्हा चालली. "मग सात मावतात," तो म्हणाला. नाइलाजानं म्हणाला. खोटा आकडा त्याच्या हातून उतरतच नव्हता. "नऊच्या वर मिळेल. बॅटरी दीड दिवसाची. खरा फ्रिज विसर. बस सावलीत लावलीस तर मेलीस. ढगाळ दिवशी कोणाकडून तरी वायर घ्यायची, लाजायचं नाही. आणि सिलिंडर पलंगाच्या दांड्याला बांधून. हात पोचेल असा."

"म्हणजे होतं."

"कागदावर होतं."

"मग लिही."

त्यानं लिहिलं. फ्रिज हा शब्द खोडून तिथं 'आई' लिहिलं, समोर तीनशे, समोर चोवीस. वहीचं पान फाडून ओट्यावर आपटलं.

"घे. आणि दुसऱ्या कोणाकडून बसवून घे. मी हात लावणार नाही."

"नको लावूस. आईला मात्र आज मीच सांगणार, की तू नाही म्हणालास."

"सांग. सगळंच सांग." तो पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. आवारात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. ते ठोकणं थांबलं.

"मी कामावर नव्हतो त्या दिवशी," तो म्हणाला. "शेजारच्या खोलीत, दार लोटून आडवा झालो होतो. त्या मशीनला भोंगा असतो, वीज गेली की वाजतो. त्याचा सेल मी कधी बदलला नव्हता. घरघर एकदम थांबली. वीज गेली हे मला कळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा घर इतकं शांत झालं होतं. मला बरं वाटलं. मी कूस बदलली आणि झोपलो."