पारूबाईची सही

पारूबाईनं शेवटच्या बाकावरच्या पोराला कोपरानं ढोसलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"सरक की. दोघांचा बाक, एकटाच पसरलास."

बसवंत सरकला. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ही धम्मप्रिया मॅडमची आई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज ती वर्गात का आली, ते मात्र खुद्द मॅडमला ठाऊक नव्हतं. शेजारची सृष्टी याच वर्गात शिकायची. 'उद्या मॅडम लातूरच्या कंपनीतल्या टाकीचा अपघात शिकवणार,' असं ती काल बोलून गेली, तेव्हापासून पारूबाईला घास गोड लागला नव्हता. त्या टाकीत तिचा थोरला, नागसेन, गेला होता. अकरा वर्षं झाली. बहीण भावाबद्दल पोरांना काय सांगते, ते तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

धम्मप्रियानं पहिल्या बाकावर एक कागद दिला. "टाकीत उतरण्याचा परवाना आहे. सह्या करून मागे द्या."

कागद हजेरीसारखा सरसर मागे आला. बसवंतनंही सही ठोकली. पारूबाईनं तो डोळ्यांपासून लांब धरला, दुसरीपर्यंतची शाळा पणाला लावली आणि बोट फिरवत अक्षरं जुळवू लागली.

"आत...ल्या... हवेची... तपा...सणी... केली... आहे." तिनं मान वर केली. "कोणी केली रे?"

"आजी, नुसतं शिकवण्यापुरतं हाय ते. करा सही."

"तुझा बाप उतरून राहिला असता टाकीत, तर केली असतीस?"

बसवंतनं पुढं केलेलं पेन मागं घेतलं.

"बावन्न सह्या झाल्या," धम्मप्रिया म्हणाली. "हवा कोणीच तपासली नाही." मग फळ्याकडे वळून तिनं लिहिलं: लातूर. टाकी धुताना विषारी वायू. एक मृत्यू. कारण: कामगार परवान्याविना स्वतःहून उतरला.

पारूबाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"कशावरनं?"

"माय, वर्ग चालू आहे."

"हाव, म्हणून तर इचारून राहिले. कशावरनं?"

"घरच्यांचा जबाब आहे. त्यावर..." धम्मप्रिया पोरांकडे बघून थांबली.

"माझी सही हाय." पारूबाई उभी राहिली. "दवाखान्याच्या दारात कंपनीच्या साहेबानं कागद धरला. शाईचं पॅड पुढं करून म्हणला, 'बाई, अंगठा लावा.' मला अंगठेबहाद्दर समजतो काय? पेन हिसकला अन् न वाचताच झोकात सही केली. वाचाया बसले असते, तर त्याच्यापुढं अडखळले असते."

दर वर्षी फोटोला हार घालताना धम्मप्रिया म्हणायची, 'दादाला नियम पाळायला काय झालं होतं?' तेव्हा पारूबाई पाठमोरी होऊन भाकरी थापत राही.

धम्मप्रियानं डस्टर उचललं. शेवटची ओळ पुसली. 'कारण' तेवढं ठेवलं. त्याच्यापुढं खडू टेकवला.

"काय लिहू, माय?"

"तपासलं न्हाईस आजून, तर काय लिव्हतीस?" पारूबाई खाली बसली. "मोकळं ठिव."

बसवंतनं तिच्यापुढचा कागद हळूच ओढला आणि खोडायला बावन्न सह्यांत आपली शोधू लागला.