दुसऱ्या कडव्यातला विसावा

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी देवाला लाख वाती वाहतं, कुणी नुसतं मौनानं जेवतं. मृणालीनं त्या वर्षी रोज संगणकाच्या कोडची एक फाइल आवरायचा नेम धरला.

हे कळल्यावर वाडीत कामाला येणाऱ्या सोनूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "काय वैनी, देवाला आता ह्यो डबा पन चालतो व्हय?"

"देवाला भाव लागतो, सोनूबाई."

"मंग डब्याला उपास हाय का? का एकट्या तुमालाच?"

मृणालीही हसली. पण नेम तो नेम. सकाळी तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, आणि अण्णांचा चहा झाला की लॅपटॉप उघडून एक फाइल. ती नीट लागल्याशिवाय दुपारचं जेवायचं नाही.

हा कोड अण्णांचा होता. अण्णा म्हणजे तिचे सासरे, दिनानाथ. श्रीवर्धनच्या शाळेत ते गणित शिकवायचे, आणि एके काळी सगळ्या शाळांतून 'किरण' नावाचा संगणक आला तेव्हा तोही शिकवू लागले. पुढं किरण काढणारी कंपनी बुडाली. शाळेतलं मशीन खाऱ्या हवेनं खाल्लं. निवृत्तीनंतर अण्णांनी किरणचा इम्युलेटर लिहायला घेतला, म्हणजे आजच्या संगणकात बसून त्या जुन्या संगणकाचं सोंग वठवणारा प्रोग्राम. किरणसाठी लिहिलेलं जे जे कुणाच्या पेटीत पडून होतं, ते त्याच्यावर पुन्हा चालू लागलं. अण्णांनी तो सगळ्यांना खुला ठेवला. ज्याला हवा त्यानं वापरावा, ज्याला येतं त्यानं दुरुस्त करावा.

"सोंग आणायचं तर पुरतं आणावं," ते मृणालीला सांगायचे. "लंगड्याचं सोंग घेतलं आणि तुरुतुरु चालला, तर लोक दगड मारतील. मशीनची खोड ती मशीनची. आपण शहाणपणा करून ती सुधारायची नाही."

लग्न होऊन आली तेव्हा मृणाली पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करत असे. सासरा आणि सून स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून मेमरी आणि प्रोसेसरबद्दल वाद घालतात, हे पाहून तिची सासू इंदूबाई कपाळावर हात मारायची. इंदूबाई गेल्या. मग हळूहळू अण्णा विसरू लागले. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग वाडीतल्या विहिरीकडं जायची वाट. एक दिवस त्यांनी स्वतःचाच कोड उघडला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय गं? बरं लिहिलंय." त्या दिवसापासून इम्युलेटर मृणालीच्या गळ्यात पडला.

अण्णांकडं आता एकच गोष्ट शिल्लक होती. दिवेलागणीला ते आपल्या टेबलाशी बसत, इम्युलेटरवर किरण सुरू करत आणि तरुणपणी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम लावत. गावदेवीची आरती. किरणचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा, पण चाल ओळखू येई. त्या चालीवर अण्णा आरती म्हणत, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकही शब्द न चुकता. सुनेचं नाव विसरणारा माणूस. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मशीन क्षणभर थांबे. अण्णाही थांबत, स्वयंपाकघराच्या दाराकडं एकदा बघत, आणि मशीनबरोबर पुन्हा सूर धरत.

"हे सुटू देऊ नका," डॉक्टर म्हणाले होते. "बाकी सगळं सुटणारच आहे. हे धरून ठेवा."

मृणालीनं ते देवाच्या आज्ञेसारखं धरलं होतं. निरांजन घेऊन ती रोज त्यांच्या मागं उभी राही. तिला गाता येत नव्हतं. ती नुसती ऐके.

अण्णांचा कोड म्हणजे माळ्यावरचं सामान होतं. एकात एक घातलेलं, सुतळीनं बांधलेलं, आणि सगळं कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं. त्यामुळं एक दोरी ओढावी तर तीन गाठोडी अंगावर येत. ते रिकामं करून, झाडून, पुन्हा मांडायचं, पण मशीनचं वागणं तसूभर बदलू द्यायचं नाही, असं हे काम. आषाढ, श्रावण, भाद्रपद गेले. फाइली एकेक करून लख्ख झाल्या. आवाजाची फाइल मात्र ती मागं टाकत राहिली. तिच्यात 'विसावा' नावाचं एक फंक्शन होतं, अण्णांनी अगदी शेवटी घातलेलं. सलग स्वर वाजत राहिले की एका ठरावीक जागी सगळं मशीन क्षणभर थांबवायचं, एवढंच त्याचं काम. का थांबवायचं, ते अण्णांनी कुठं लिहिलेलं नव्हतं.

आश्विनात उरणहून रत्नपालचा फोन आला. रत्नपाल तिच्याबरोबर हा प्रकल्प सांभाळायचा. न्हावा शेव्याला कंटेनरच्या सॉफ्टवेअरवर नोकरी, आणि उरलेला जीव किरणवर.

"ताई, जॅकपॉट! रेवदंड्याला एका शाळेच्या अडगळीत किरण मिळाला. जिवंत! प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला होता कुणी पुण्यवानानं. चालू पण झाला."

मृणालीनं देव्हाऱ्याकडं पाहून हात जोडले. "खरं सांगतोस?"

"आईशप्पथ. आणि ऐका ना, मी त्याच्यावर सरांची आरती लावली. ताई, तो थांबतच नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कडव्यात. आपला थांबतो, तो थांबत नाही. वायर लावून मोजलं, दहादा वाजवलं. सीधा निकल जाता है. ते विसावा फंक्शन आहे ना, तसलं काहीच मशीनमध्ये नाय. सरांनी भूत घातलंय भूत! आणि त्या भुतापायी लोकांचे दर अक्षराला बीप वाजवणारे टायपिंगचे प्रोग्राम मध्येच अडकतायत, किती तक्रारी आल्यात, तुम्हीच वाचताय ना?"

तिनं अण्णांना विचारलं. ते ओटीवर बसून सुपारीच्या झाडांकडं पाहत होते.

"अण्णा, किरण मध्येच थांबायचा का हो? गाणं वाजवताना?"

"थांबायचा तर!" त्यांचा चेहरा उजळला. "गुणी मशीन. दुसऱ्याचा दम ओळखायचं. माणसांना कळत नाही, त्याला कळायचं."

"पण रत्नपालनं खरं मशीन लावून पाहिलं. ते थांबत नाही."

"मग ते दुसरं असेल," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा झाडांकडं पाहू लागले.

तिला निर्णय होईना. पण नेम निर्णयाची वाट बघत नाही. कार्तिकी एकादशी आठवड्यावर आली होती आणि आता आवरायला एकच फाइल उरली होती, आवाजाची. सकाळपासून अंगात कणकण होती. वाटलं, राहू दे आज. पण इतके दिवस पाळलेला नेम शेवटाला मोडायचा? तिनं मनाला समजावलं. मशीनची खोड ती मशीनची, हे अण्णांचंच वाक्य. आणि जी खोड मशीनची नाही ती ठेवणं म्हणजे खोटं सोंग. तिनं 'विसावा' पुसून टाकलं. चाचण्या लावल्या, सगळ्या पास झाल्या. मग ती जेवली, गोळी घेतली आणि पडली.

अण्णांचा आणखी एक नियम होता, तो तिच्या ध्यानातच राहिला नाही. जे आपण स्वतः वापरत नाही ते लोकांना वाढायचं नाही, असं ते म्हणत. त्यामुळं मृणालीनं केलेला प्रत्येक बदल आधी आपोआप अण्णांच्या संगणकावर जाई. नैवेद्य चाखत नाहीत, पण कोड आधी घरात चाखायचा, ही या घरची रीत होती. आणि ती रीत बसवूनही दिली होती अण्णांनीच.

दिवेलागणीला ती उठली. निरांजन लावलं. अण्णांनी आरती सुरू केली. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, मध्यावर आलं, आणि अण्णा थांबले. दाराकडं त्यांनी मान वळवली. मशीन थांबलं नाही. ते आपलं गुणगुणत पुढं निघून गेलं.

अण्णांनी दचकून पडद्याकडं पाहिलं. त्यांनी पुढचा शब्द पकडायचा प्रयत्न केला, तो गेला होता. त्याच्या पुढचाही गेला.

"अरे, थांब. थांब ना," ते मशीनला म्हणाले. मग मृणालीकडं वळून, एखादं लेकरू जत्रेत आईचा हात सुटल्यावर बघतं तसे: "अगं, इंदू मागं राहिली."

आरती वाजून संपली. मृणालीनं निरांजन देव्हाऱ्यात ठेवलं.

तिनं सिद्धेशला फोन लावला. नवरा पनवेलला नोकरीला, शनिवार-रविवारी येणारा. काय झालं ते सांगितलं.

"आई तिथं थांबायचीच," तो म्हणाला. "दमा होता ना तिला. पावसाळ्यात शाळेत मशीन भिजेल म्हणून अण्णा ते घरी आणायचे. संध्याकाळी आरती लावायचे. आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणायची. दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास पुरायचा नाही."

"मग मशीन थांबायचं?"

"मशीन कसलं थांबतंय! अण्णा थांबवायचं बटण दाबून धरायचे. बोट ठेवायचे आणि दाराकडं बघायचे. तिचा श्वास परत आला की बोट उचलायचे. मी लहान होतो, मला वाटायचं खेळच आहे त्यांचा."

मृणाली देव्हाऱ्यापुढं बसली. अण्णांना आपलं बोट आठवलं नव्हतं. मशीन थांबायचं, एवढंच आठवलं होतं. आपल्या हातानं केलेली माया त्यांनी मशीनच्या नावावर टाकली होती, आणि मग इमानानं, मशीनची खोड म्हणून कोडात लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांच्या संगणकावर जुना इम्युलेटर परत घातला. संध्याकाळी मशीन आपल्या जागी थांबलं. अण्णांनी दाराकडं पाहिलं नाही. पहिल्या कडव्यालाच त्यांचे ओठ थबकले होते. ते पडद्याकडं पाहत राहिले, परक्या माणसाच्या दारात बसल्यासारखे.

"म्हणा ना, अण्णा."

"काय म्हणू?"

पुढचे दिवसही तसेच गेले. डॉक्टर म्हणाले, या आजाराच्या पायऱ्या असतात, माणूस एखादी पायरी एका रात्रीत उतरतो. तुमच्यामुळं झालं असं मनात आणू नका. मृणालीनं मान हलवली. झालं ते तिच्यामुळं की आजारामुळं, हे देवालाच ठाऊक, आणि देव सांगत नव्हता.

रत्नपालला कळलं तेव्हा त्यानं लगेच फोन केला. नेहमीची मस्करी कुठंच नव्हती. "ताई, परत टाकू या ते फंक्शन. खरंच. लोकांचे प्रोग्राम गेले खड्ड्यात. सरांच्यासाठी राहू दे."

"नको रे."

"का पण?"

"मशीन थांबत नव्हतं, रत्नपाल. अण्णा थांबवत होते. ते मशीनच्या नावावर ठेवलं तर अण्णांचं काय उरलं?"

कार्तिकी एकादशीला तिनं नेमाचं उद्यापन केलं. देवाला साखर-खोबरं ठेवलं, सोनूबाईंची ओटी भरली. सोनूबाईंनी टेबलाकडं पाहिलं, या वेळी हसल्या नाहीत. "सुटला का वैनी उपास डब्याचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुटला."

दिवेलागणीला तिनं अण्णांना धरून टेबलाशी बसवलं आणि शेजारी खुर्ची ओढली. संगणकावर विसावा नसलेला नवा, खऱ्यासारखा किरण सुरू केला. आरती वाजू लागली. तिला गाता येत नव्हतं, तरी ती पुटपुटत म्हणू लागली. दुसरं कडवं अर्ध्यावर आलं तेव्हा तिनं त्याच थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

आवाज थांबला. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. तिनं तिकडं पाहिलं, अण्णांच्या वाटचं. अण्णा आपल्या मांडीवरच्या हातांकडं पाहत होते, हे कुणाचे म्हणून.

एका माणसाला श्वास परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिनं बोट तसंच ठेवलं. मग आणखी थोडा. मग उचललं.

सूर पुढं गेला. अण्णा गेले नाहीत.