एका सज्जन खुन्याचे प्रूफ

“‘तो कोणाला कधी उलट बोलला नाही, पूर्णविराम.’” सूनबाई वाचता वाचता थांबली. “अहो आई, पाणी पिऊन येऊ?”

“परिच्छेद संपल्याशिवाय उठायचं नाही.”

मुद्रितशोधनाचे काम मी एकेचाळीस वर्षे केले. एकीने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे, दुसरीने छापील पानावर चुका टिपायच्या. मुलगा लग्न करून आला, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी सूनबाईला समोर बसवले आणि एकच गोष्ट बजावली: अर्थाच्या नादी लागायचे नाही. अर्थात मन गुंतले की डोळा चुका गिळतो.

हे पुस्तक सत्य घटनेवरचे होते. एका कारकुनाने अकरा महिने चमचा चमचा विष देऊन बायकोला मारले, त्याची हकिगत. लेखकाने खुन्याला तीनशे पाने दिली होती. त्याचे कडक इस्त्रीचे शर्ट, त्याचे विनोद, त्याचे वळणदार अक्षर. मेलेल्या बाईला दीड पान.

“दीड पानात उरकली बिचारी,” असे म्हणून पहिल्या दिवशी आम्ही हसलोदेखील होतो.

“‘औषध तो स्वतः मोजी, स्वल्पविराम, आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राही, पूर्णविराम.’” सूनबाईचा आवाज खाली गेला.

गेले तीन महिने सूनबाईचाही ताप हटत नव्हता. मी मागचे पान उलटून पाहिले. एक अख्खी ओळ दोनदा छापली होती आणि माझी पेन्सिल तिच्यावरून निमूट पुढे गेली होती. मीही अर्थच वाचत होते.

एवढ्यात दाराशी बूट काढल्याचा आवाज झाला. दुपारच्या सुट्टीत मुलगा कचेरीतून घरी येई, खास तिला औषध देण्यासाठी.

“काय सासू-सुना, आजचा मुडदा पाडून झाला का?” त्याने बाटली हलवली, चमचा भरला आणि तिच्यासमोर धरला.

सूनबाईने तोंड उघडले नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

“घे ना गं, मला उशीर होतोय.”

“नंतर घेते.”

“नंतर तू विसरतेस.” तो हसला. त्याचे हसणे मी तो पाळण्यात असल्यापासून ओळखते. त्या दुपारी ते मला समोरच्या पानावर छापलेले दिसले.

“बाटली इकडे दे,” मी म्हणाले. “आजपासून औषध मी देईन.”

“का?”

या घरात मला ‘का’ विचारण्याची पद्धत नाही. विचारलेच, तर उत्तर माझ्यापाशी तयार असते. त्या दिवशी मी नुसता बाटलीसाठी हात पुढे केला. त्याची नजर टेबलावरच्या पानांवरून बायकोकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे आली.

“हिचं मी समजू शकतो,” तो अगदी हळू म्हणाला, “ती आजारी आहे.”

हातातला चमचा त्याने स्वतःच्या तोंडात रिकामा केला. आणखी एक भरला, तोही घेतला. बाटली माझ्यापुढे ठेवली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून तो बूट घालू लागला. बांधलेली नाडी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. रागाने की आणखी कशाने, ते कळेना.

मी त्याची आई. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, एवढेच माझे काम होते. मी उठले नाही. सूनबाई आणि मी, दोघी जागच्या जागी बसून त्याचा श्वास ऐकत राहिलो.