शिव्या खायला माणूस पाहिजे

लग्नाला बारा दिवस उरले होते आणि नवरी अजून एकदाही रडली नव्हती. दाफेंगच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

चीनमधल्या हुबेईच्या डोंगरांत तुजिया जमातीच्या घरातली नवरी लग्नाआधी महिनाभर रडते. नुसतं नाक ओढत नाही; सूर लावून, शब्दाला शब्द जुळवून रडते. आईसाठी आईबरोबर रडते, मामासाठी वेगळं, वेणी घालताना वेगळं. लग्नाच्या आदल्या दिवशी मध्यस्थ नवऱ्याकडची भेट घेऊन आला की त्याला समोर बसवून सुरात शिव्या घालते. जी रडत नाही तिला वळण नाही असं बायका म्हणतात, आणि वळण कुणी लावलं नाही तेही नाव घेऊन सांगतात.

इथे नाव दाफेंगचं निघणार होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं स्वतःच्या लग्नात सत्तावीस दिवस असा सूर लावला होता की पलीकडच्या डोंगरावरच्या बायका हातातलं काम टाकून ऐकायला आल्या होत्या. तिचा मध्यस्थ तर त्यानंतर जन्मात कुणाचं लग्न जमवायला गेला नाही. आणि तिची नात मेइचू चुलीपाशी बसून भाजलेला बटाटा फुंकून फुंकून खात होती.

"आजी, तो मला आवडतो. मी रडू कशी?"

"मला काय तुझा आजोबा आवडत नव्हता? रडण्याचा नवऱ्याशी काय संबंध? ते घरासाठी असतं."

"प्रयत्न केला मी. हसूच येतं."

"मग मध्यस्थापासून सुरू कर. शिव्यांनी गळा मोकळा होतो."

"मध्यस्थ आहेच कुठे? तो आमच्या कारखान्यात चहा वाळवायचं मशीन दुरुस्त करायला आला होता. मशीननेच जमवलं म्हण."

"आता मशीनला पाटावर बसवून शिव्या घालायच्या का?"

मेइचू बटाट्याची साल काढत राहिली. हेच तिचं दाफेंगला सहन होत नसे. पोर उलटून बोलायची ती थट्टेपुरती. खरं काही आलं की तोंडाला कुलूप. मागच्याच आठवड्यात बोलावण्याच्या यादीत तिनं शेवटी एक नाव लिहिलं होतं. दाफेंगला अक्षरं येत होती ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण ते नाव तिनं बरोबर ओळखलं आणि चुलीतल्या कोळशानं त्यावर काट मारली. लियानश्यांग. मेइचूची आई. नवरा, म्हणजे दाफेंगचा मुलगा, खाणीत मेला, आणि दोन वर्षांत ही बाई दुसरं लग्न करून तालुक्याला निघून गेली. या घरात तिचं नाव घेत नाहीत.  काट बघून मेइचूनं यादीची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

आईबरोबरचं रडणं आईनं आणि लेकीनं मिळून म्हणायचं असतं. ती आईची बाजूसुद्धा दाफेंग स्वतःच म्हणणार होती. तिला दोन्ही बाजू पाठ होत्या. लेकच सूर धरत नव्हती, त्याला ती काय करणार?

शेवटी तिनं शेजारच्या फूशेंगला गाठलं. फूशेंग पाठीवरच्या टोपल्या विणायचा. साठी उलटलेला, बायकोला घाबरणारा आणि बारीकसारीक गोष्टीवर रुसणारा.

"मध्यस्थ हो," दाफेंग म्हणाली.

"वहिनी, त्यांचं तर जमलंय."

"जमवायचं नाहीये तुला. शिव्या खायच्यात. रीतीप्रमाणे डुकराचं मुंडकं मिळेल."

फूशेंगनं हातातली कामटी खाली ठेवली. "केवढं मुंडकं?"

"डुकराएवढं."

"माझ्या टकलावर काही बोलायचं नाही. बायकोवर नाही. आणि ते रेडकू दरीत पडलं होतं त्यावरही नाही."

"मग उरलं काय तुझ्यात?"

तालीम ओसरीवर झाली. फूशेंग नवा सदरा घालून स्टुलावर बसला. मेइचू त्याच्यासमोर उभी राहिली, घसा साफ केला आणि गोड आवाजात म्हणाली, "फूशेंगकाका, तुम्ही हे काही बरं केलं नाहीत."

"असू दे गं पोरी," फूशेंग कळवळून म्हणाला. "चुकून झालं."

दाफेंगनं कपाळावर हात मारला. "ही शिवी झाली? पोस्टमनला पत्र उशिरा आलं म्हणून यापेक्षा जास्त ऐकवतात. आणि तू रे, तू उत्तर कसलं देतोस? मध्यस्थानं उत्तर द्यायचं नसतं. शेवटच्या ओळीपर्यंत तोंड मिटून बसायचं. उठायचं नाही, रागवायचं नाही. नवरी त्या दिवशी जे बोलेल त्याचा जाब पुढे कुणी विचारायचा नसतो. बाईच्या जन्माला तेवढा एक दिवस येतो. तो असा वाया घालवता?"

"एकच दिवस?" मेइचूनं विचारलं.

"एकच. पुढे सगळं गिळायचंय."

मेइचू तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

त्यानंतरचे दहा दिवस दाफेंग ओळी पाठ करून घेत राहिली आणि मेइचू त्या बाजाराची यादी वाचावी तशा म्हणत राहिली. कांदा चिरून झाला. मिरची झाली. दाफेंगनं मेलेल्या कुत्र्याची आठवणही काढून पाहिली. पोरीचे डोळे कोरडे ठणठणीत.

आदल्या दिवशी दुपारी नवऱ्याकडची माणसं आली. धुरावलेलं मांस, मक्याची दारू, कापडाचे तागे, सगळं लाल कागदात बांधलेलं. रीतीप्रमाणे नऊ मैत्रिणी नवरीबरोबर मेजाभोवती बसल्या. गावच्या बायका भिंतीला टेकून उभ्या. त्या जेवायला आल्या नव्हत्या, ऐकायला आल्या होत्या. नवऱ्या मुलाची आत्या मधोमध खुर्चीवर, तालुक्याहून केस कुरळे करून आलेली.

फूशेंग स्टुलावर बसला. मेइचूनं सुरुवात केली. आवाज लागत नव्हता. दुसऱ्या ओळीला एक बाई जांभई देताना दाफेंगला दिसली आणि तिचा तोल गेला. मागून तिनंच नातीला ओळ पुरवली: "म्हण, डोक्यावर केस नाही, जिभेला हाड नाही."

मेइचूनं ते म्हटलं. मैत्रिणी फिसकन हसल्या. फूशेंग ताडकन उठला.

"टकलाचं ठरलं नव्हतं, वहिनी."

"बस खाली."

"नाही बसत. मुंडकं तुम्हीच खा." आणि तो तरातरा स्वयंपाकघराकडे निघून गेला.

खोलीत चुळबुळ झाली. आत्याबाई समजूतदार हसल्या. "जाऊ द्या हो. आमच्याकडे आता हे कुणी करत नाही. मुली शिकलेल्या असतात."

दाफेंग आयुष्यात पुष्कळ ऐकून आली होती, पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे, कुरळ्या केसांच्या बाईकडून हे ऐकायची तिची तयारी नव्हती. ती पुढे झाली आणि रिकाम्या स्टुलावर बसली.

"विहीणबाई, पाच मिनिटं दम धरा. मेइचू, मला बोल."

"तू कुठे मध्यस्थ आहेस, आजी?"

"मध्यस्थ काय करतो? आईपासून पोर तोडतो आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवतो. तुला या घरात कुणी ठेवून घेतलं? मी. मग झाले की मध्यस्थ. बोल लवकर, लोक ताटकळलेत."

हे ती रागाच्या भरात बोलून गेली. बोलल्यावर तिला कळलं आपण काय बोललो, पण शब्द बाहेर पडला होता.  मेइचूनं डोळे मिटले, आणि कुणीही न शिकवलेला, खालून वर चढत जाणारा सूर तिच्या गळ्यातून निघाला.

"मध्यस्थबाई गं, तुझ्या जिभेला धार,
अंगणात आई माझी, तू लावलंस दार.
मक्याच्या कणसांआड मी लपून पाहिलं,
लाल स्वेटर तिच्या हातात तसंच राहिलं."

भिंतीपाशी उभी असलेली जांभईवाली बाई ताठ झाली.

दाफेंगला आधी एवढंच जाणवलं की मात्रा चुकली नाही. मग बाकीचं जाणवलं. पोर तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मागच्या खोलीत झोपली आहे असं दाफेंग धरून चालली होती. पंधरा वर्षं धरून चालली होती.

"माप तिला ठाऊक नव्हतं, अंदाजानं विणलं,
तू म्हणालीस पोर माझी, तुझं इथे कोण?
दरवर्षी मी वाढत गेले, दरवर्षी ती विचारायची,
शेजारणीला विचारायची, आता खांद्याला किती झाली."

जुळणी सुटली होती. मेइचूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दाफेंगकडे उत्तर होतं. अगदी तयार, पंधरा वर्षं घासून ठेवलेलं. लियानश्यांगच्या नव्या घरी आधीचीच दोन पोरं होती. मेइचूला तिथे नेलं असतं तर ती त्यांची शी-शू काढत मोठी झाली असती. कुणी शाळेत घातलं असतं तिला? दाफेंगनं तोंड उघडलं.

"मध्यस्थानं उत्तर द्यायचं नसतं," स्वयंपाकघराच्या दारातून फूशेंग म्हणाला. मुंडकं तिथेच असल्यामुळे तो फार लांब गेला नव्हता.

दाफेंगनं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी गप्प केलं होतं, आणि तेही तिच्याच शब्दांत.

अकरा कडवी झाली. ती एकही शब्द न बोलता बसून राहिली. पाठीत कळ आली तरी हलली नाही. भिंतीशी उभ्या बायका ॲप्रन पदरासारखे डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या, नऊ मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि आत्याबाईंचं नाक लाल होऊन केसांची रया गेली होती. शेवटची ओळ संपली तेव्हा मेइचू खाली बसली आणि कपाळ तिनं दाफेंगच्या गुडघ्याला टेकवलं.

"तिसऱ्या कडव्यात आवाज खाली आला," दाफेंग म्हणाली. तिचाच आवाज बसला होता. "बाकी ठीक."

 

"फूशेंग, मुंडकं कापडात बांध. ते मी कमावलंय, मी कुणाला द्यायचं ते ठरवीन."

"मला काहीच नाही का, वहिनी?"

"जीभ घे. तुला उपयोगी पडेल." मग तिनं नातीच्या डोक्यावर बोटानं टोकलं. "ऊठ. फोन काढ. तिचा नंबर आहे तुझ्याकडे, माझ्याशी नाटक करू नकोस. लाव."

मेइचूनं नंबर लावला. दाफेंगनं फोन हिसकावला, उलटा धरला, नातीनं सरळ करून दिला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "कोण मी म्हणून काय विचारतेस, आवाज विसरलीस? ऐक. आईबरोबरचं रडणं राहिलंय आणि माझ्याच्यानं आता दोन माणसांचं रडवत नाही. तीनची बस पकड. आणि ते लाल स्वेटर घेऊन ये, तू टाकलेलं नसणार, मला ठाऊक आहे. बसणार नाही तिला. तरी आण."

 फोनमधून असा आवाज आला की दाफेंगनं तो कानापासून हातभर लांब धरला.

"फोनवर काय रडतेस," ती वैतागून म्हणाली. "फुकट चाललंय. इथे येऊन रड. सुरात."