दादाचा फोल्डर

सकाळपासून धाकटी सर्व्हरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होती. सर्व्हरवर सगळे अधिकार देणारा रूट पासवर्ड कुणी देईना, म्हणून थोरल्या भावाने, दादाने, लिहिलेल्या प्रोग्रामचं लिनक्स पॅकेज ती सर्व्हरवरच्याच, बाहेरची एकही फाइल न दिसणाऱ्या बंदिस्त जागेत बनवत होती. घरच्या कॉम्प्युटरवर ते एका झटक्यात बनायचं. इथे दहाव्यांदा आपटलं.

“परवानगीच नाही, दुसरं काय!” ती करवादली आणि शेवटी एररची ओळ धड वाचली. प्रोग्राम एक फाइल दादाच्या फोल्डरमध्ये शोधत होता. फाइलचा घरच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता तसाच ठेवलेला, वेंधळा कुठला!

घरी चालायचं, कारण दादा जाऊन तीन वर्षं झाली तरी तिने त्याचा फोल्डर पुसला नव्हता.

तिने फाइल पॅकेजमध्येच घातली, पत्ता बदलला. पॅकेज निमूट बनलं. दादावाचून त्याचं काहीच अडलं नाही.

धाकटीला त्या पॅकेजचा भयंकर राग आला.